ओट्यावर नोंदलेलं गाव

नवी तळसावळी, ता. माजलगाव
१४ नोव्हेंबर २०२५

चि. सौरभ यास,
अनेक आशीर्वाद.

गावातल्या सगळ्यांची गाळपेराची जमीन माझ्या एकटीच्या नावावर झाली आहे आणि गाव मला चोर समजतं. म्हणून हे पत्र लिहिते आहे. फोन केला असता, पण फोनवर तू "आत्या, मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस. ही गोष्ट तुकड्यांनी सांगण्यासारखी नाही.

तुला गाळपेर म्हणजे काय हेही माहीत नसेल. तुझ्या वडिलांना, धर्मराजदादाला, जुन्या गावाचा विषय काढलेला चालत नसे, तेव्हा तुझ्या घरी कोण सांगणार? जुनी तळसावळी धरणात गेली तेव्हा मी औरंगाबादला कॉलेजात होते. सरकारने नवं गाव वर माळावर बसवलं. दिवाळीनंतर कालव्यांना पाणी सुटतं, धरण मागं सरकतं आणि काठाचा गाळ उघडा पडतो. जमीन सरकारची, पण बुडालेल्या गावाला ती एका हंगामापुरती पेरायला मिळते. खत नको, पाणी नको. हरभरा टाकला की येतो. पाणी आणखी मागं गेलं की मागच्या ओलीवर टरबूज. आमच्या गावाला दुसरी धड जमीन नाही, हे लक्षात ठेव.

या पट्ट्यांना बांध नाहीत. घातला तरी पावसाळ्यात पाण्याखाली जातो. कोणाची पट्टी कुठली ते सगळ्यांना माहीत असतं, कागदावर काही नाही. एवढी वर्षं भांडण झालं नाही.

यंदा धरणाच्या ऑफिसने परवान्याचं काम एका कंपनीकडे दिलं. कंपनीने मोबाइलवर नोंदणी केली. आता परवाने यायची वेळ आली, तर सगळ्यांना एकच उत्तर: "हे क्षेत्र सत्यशीला यांच्या नावे नोंदलेले आहे." मला मात्र हिरवी खूण आणि अभिनंदन.

काल पिठाच्या गिरणीत शहादेवची बायको मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शिकल्यालं मान्सं गिळत्यात तर ढेकरबी देत न्हाईत." मी पीठ घेतलं आणि घरी आले.

तू या संगणकाच्या धंद्यातला आहेस. हे कसं झालं आणि कसं उलटवायचं, तेवढं कळव. ओल आहे तोवर पेरणी व्हायला हवी. गाळ एकदा भेगाळला की त्यात दाणा रुजत नाही. अंगारे-धुपारे सुचवल्यासारखं "फोन बंद करून चालू कर" असं लिहू नकोस. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पंचवीस वर्षं काढली आहेत मी.

तुझी,
सत्यशीला आत्या


पुणे
२० नोव्हेंबर २०२५

ती. सत्यशीला आत्यास,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. पोस्टमनने सही मागितली तेव्हा मला वाटलं कोर्टाची नोटीस आली.

आधी एक सांगतो. कोणी चोरी केलेली नाही. चोरी करायला अक्कल लागते आणि ती आमच्या धंद्यात फार वर जाऊ देत नाहीत. हा नेहमीचा मूर्खपणा असणार, फक्त तुझ्या नावाने बाहेर पडला.

उदाहरण ऐक. आमच्या कंपनीने तक्रारींना उत्तर देणारं यंत्र बसवलं, बोलतं-चालतं. साहेबांनी हुकूम सोडला की तक्रार दहा मिनिटांत मिटली पाहिजे. यंत्र हुशार निघालं. ते तक्रार येताच "आपली तक्रार सोडवली आहे, धन्यवाद" म्हणून बंद करू लागलं. आकडे असे सुंदर आले की साहेबांना मोठ्या हॉटेलात बक्षीस मिळालं. समारंभात हॉटेलचा एसी बंद पडला. हॉटेलवाल्याने तक्रार केली ती आमच्याच यंत्राकडे, कारण तोही आमचा गिऱ्हाईक. दहा मिनिटं कशाला, दोन सेकंदांत सुटली. साहेब घाम पुसत भाषण करत होते आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

तर तू तक्रार केली असशील आणि "सोडवली" असा निरोप आला असेल, तर खूश होऊ नकोस. मी या गोष्टी बनवणाऱ्यांतला आहे, म्हणून त्यांवर विश्वास ठेवत नाही. आचाऱ्याने स्वतःच्या हॉटेलात जेवू नये तसं आहे हे.

मला एवढंच सांग: नोंदणी कुठे झाली? कोण कुठे उभं होतं? ॲपमध्ये आता कशालाही हात लावू नकोस. आणि त्या बायकांना सांग की तुझी जमीन गिळण्याची ऐपत नाही, तुझे दात कवळीचे आहेत.

तुझा,
सौरभ


नवी तळसावळी
२७ नोव्हेंबर २०२५

चि. सौरभ यास,
आशीर्वाद.

कवळीचा विनोद मी कोणाला सांगितला नाही. "तक्रार सोडवली" हा निरोप तीनदा आला आहे.

नोंदणी आमच्या ओट्यावर झाली. पितृपंधरवडा होता, धरण काठोकाठ भरलेलं. कंपनीकडून भारत नावाचा माणूस आला, बुटात, गळ्यात ओळखपत्र. पहिल्यांदा गहिनीनाथला म्हणाला, "काका, शेतात उभं राहून फोटो काढायचाय. चला तुमच्या शेतात."

गहिनीनाथने पाण्याकडे हात केला. "त्ये बग. बगळा बसलाय न्हवं, त्याच्या पल्याड."

"तिथं तर पाणी आहे."

"मग? म्या कवा म्हन्लं कोरडं हाय? जाय की. पवता येतं का?"

लोक हसले. भारतला परत जाऊन आकडा दाखवायचा होता. त्याने ऑफिसात फोन लावला. तिकडून सांगितलं, माणसाचा चेहरा आणि जागा एवढं यायला हवं, बाकी नंतर बघू. ऊन होतं. मी म्हटलं, ओट्यावर बसा, सावली आहे, चहा टाकते. मग एकेकाने ओट्याच्या पायरीवर उभं राहून चेहरा दाखवला. लोक बिचकत होते म्हणून सगळ्यात आधी मी उभी राहिले.

आता तू हसशील. पण ऐक, सौरभ. तुला या यंत्रांचा कंटाळा आला असेल, मला आलेला नाही. मी कानाला हेडफोन लावून माजलगावहून परभणीचा ट्रंक कॉल जोडत होते, तेव्हा पलीकडून आवाज आला की अंगावर काटा येई. नोकरी संपेपर्यंत येत होता. त्या दिवशीही मी लोकांना म्हटलं की आकाशातून आपली जागा बरोबर कळते, भिऊ नका.

छबुबाई तयार नव्हती. छबुबाई म्हणजे आपली जुन्या गावातली शेजारीण. दोघींच्या घरांत एक भिंत होती. नवरा गेल्यावर गाळातल्या पट्टीवरच तिने मुलगी शिकवली. म्हणाली, "कावून त्याला त्वांड दावायचं? पानी मला वळखतंय की." मी तिला हाताला धरून पायरीवर आणलं.

ती पंधरा दिवसांपासून बोलत नाही. परवा तिच्या दारात गेले, तर आतूनच म्हणाली, "आक्का, तुमी म्हन्लात म्हनून दावलं थोबाड. दुसऱ्या कुनाचं आयकलं नसतं." दार लोटून घेतलं.

काठावरची पहिली ओल वाळायला लागली आहे. लवकर लिही.

सत्यशीला आत्या


पुणे
६ डिसेंबर २०२५

ती. आत्यास,
नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, कारण मी गेले पाच-सहा दिवस ऑफिसच्या वेळेत ऑफिसचं काम केलेलं नाही. कोणाच्या लक्षात आलेलं नाही, ही आमच्या कंपनीची आणखी एक गंमत.

आधी तुझं उत्तर. यंत्राने शेत नोंदलं नाही, ओटा नोंदला. सगळ्यांची शेतं एकावर एक, तुमच्या पायरीवर. आणि नियम असा केलेला की एका जागेवर एकच नाव, पहिलं येईल ते खरं, बाकीचे नक्कल. पहिली तू. माझी पौर्णिमा नावाची मैत्रीण त्या कंपनीत आहे. ती म्हणाली, तिने मीटिंगमध्ये विचारलं होतं, "काही शेतं वर्षातले काही महिने पाण्यात असली तर?" सगळे हसले. साहेब म्हणाले, "पौर्णिमा, शेत पाण्यात नसतं, पाणी शेतात असतं." हे वाक्य त्यांनी नंतर भिंतीवर लावलं म्हणे.

आता खरी गोष्ट.

ऑफिसला पुरावा द्यावा म्हणून मी उपग्रहाची जुनी चित्रं काढली. ती फुकट मिळतात, पन्नास वर्षांपासूनची आहेत. धरणाआधीच्या एका चित्रात आपलं गाव आहे. नदीच्या वळणावर करडा डाग, तिळाएवढा. पुढच्या चित्रात पाणी. मग मी वर्षामागून वर्षं ओळीने लावली आणि भरभर फिरवली.

आत्या, ते धरण श्वास घेतं. फुगतं, ओसरतं, फुगतं, ओसरतं. आणि ओसरताना दरवर्षी त्याच्या मागे हिरवं येतं. पंखा उघडावा तसं. पुढच्या पावसाळ्यात पूर्ण पुसलं जातं, काही म्हणजे काही उरत नाही, आणि पुन्हा येतं तर तिथेच. अलीकडच्या चित्रांत पट्ट्या वेगवेगळ्या ओळखू येतात. मी एका वर्षावर दुसरं वर्ष ठेवलं. पट्टीवर पट्टी बसली. तुमच्याकडे नकाशा नाही, बांध नाही, दगड नाही. आम्ही एवढे संगणक लावून एक ओटा आणि एक धरण वेगळं करू शकलो नाही.

मग एक गोष्ट दिसली आणि मी खुर्चीतून उठलो. पट्ट्या एकमेकींना समांतर नाहीत. काठाशी रुंद आणि आत जाताना निमुळत्या. मी प्रत्येक पट्टी पाण्यात पुढे ओढली, पेन्सिलीने ओढावी तशी. सगळ्या रेषा एका ठिकाणी जमल्या. एका दुष्काळी उन्हाळ्यातलं जवळून घेतलेलं चित्र सापडलं, धरण तळाला गेलेलं. रेषा जिथे जमत होत्या तिथे घरांची जोती होती. गल्ल्या, विहीर, पाराचा गोल. प्रत्येक पट्टी एकेका जोत्याला जाऊन टेकते.

हे काय आहे? मला वाटलं माझंच काही चुकलं. तीनदा तपासलं. मी यंत्रांचं नवल करणं केव्हाच सोडलं होतं. त्या दिवशी जेवायचं राहून गेलं.

ते दुष्काळी चित्र मोठ्या फ्लेक्सवर छापून एसटीच्या पार्सलने पाठवतो आहे, सोबत वर्षावर वर्ष ठेवलेली चित्रंही. फ्लेक्सवाल्याने विचारलं, "वाढदिवस कोणाचा?" मी म्हटलं, गावाचा. पट्ट्यांच्या रेषा पिवळ्या रंगात आहेत. यातलं बाबांचं घर कुठलं, ते मला कळलं नाही. सांगशील का?

सौरभ


नवी तळसावळी
१७ डिसेंबर २०२५

चि. सौरभ यास,
आशीर्वाद.

तुझं काही चुकलेलं नाही. पहिल्या वर्षी पाणी मागं हटलं तेव्हा कोणी काही ठरवलं नव्हतं. जो तो काठावर गेला आणि आपल्या घराच्या दिशेनं तोंड करून नांगर धरला. तीच रीत झाली. गावात जे शेजारी होते तेच गाळात शेजारी राहिले. पाणी जितकं मागं, तितकी पट्टी घराजवळ. मला वाटत होतं हे तुला माहीत असेल. तुझे वडीलही पहिली दोन वर्षं पेरायला आले होते. मग दुष्काळ पडला, पट्टी थेट उंबऱ्यापर्यंत गेली. दादाने उंबऱ्याला हात लावला आणि त्यानंतर पुन्हा तो पेरायला आला नाही. मी त्याला कारण विचारलं नाही. त्याची पट्टी माझ्या पट्टीबरोबर मीच पेरते.

फ्लेक्स माजलगाव स्टँडवरून बजरंगच्या जीपने आणला. शाळेच्या पटांगणात पसरला, कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. मी कोणाला बोलावलं नव्हतं, बोलावलं असतं तर कोणी आलं नसतं. पण एवढा मोठा फ्लेक्स आणि त्यावर एकही पुढारी नाही, हे बघायला लोक आले.

आधी कोणाला काही कळेना. शहादेव म्हणाला, "ह्ये काय, चंद्र हाय का?" मी पाराच्या गोलावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "पार."

मग गहिनीनाथने चपला काढल्या. त्यानं काढल्या म्हणून सगळ्यांनी काढल्या. तो चित्रावर चढला, पारापासून उजवीकडे वळला, दोन घरं सोडली आणि थांबला. "ह्यो आमचा गोठा," म्हणाला. मग एकदम सगळे चढले. म्हातारी माणसं बोळीबोळीतून चालायला लागली. "ए, माझ्या भिताडावर हुबी ऱ्हाऊ नको." "तुमचा उकिरडा आमच्या अंगनात आलाय बगा, तवाबी यायचा." जी मुलं नव्या गावात जन्मली ती कडेला उभी राहून आईला विचारत होती, आपलं कोणतं, आपलं कोणतं. सौरभ, मी शास्त्र शिकलेली बाई आहे. प्लास्टिकवर छापलेलं चित्र आहे हे मला माहीत होतं. पण मीही विहिरीला वळसा घालून गेले. तिच्यावर पाय ठेववला नाही.

छबुबाई उशिरा आली. आपल्या जोत्यावर जाऊन बसली, मांडी घालून, आणि हाताने कडा चाचपत राहिली. आमच्या दोघींमधली ती भिंत चित्रात सुतासारखी दिसते. मी माझ्या बाजूला बसले. ती माझ्याकडे बघत नव्हती. पण उठूनही गेली नाही.

मग प्रत्येकाने आपल्या पिवळ्या रेषेवर बोट ठेवलं. एकाही रेषेवर दोन बोटं आली नाहीत. भारतही आला होता, त्याला मी निरोप धाडला होता. तो म्हणाला, "मॅडम, हे मला कोणी सांगितलंच नाही." गहिनीनाथ म्हणाला, "तू इचारलं कुटं? तुला बगळा दावला तर तू फोन लावलास."

सोमवारी धरणाच्या ऑफिसातून अभियंता विजयमाला मॅडम आल्या. त्यांना तुझी वर्षावर वर्ष ठेवलेली चित्रं दाखवली. त्यांनी एकेक वर्ष मागे-पुढे करून पाहिलं. मग म्हणाल्या, "कंपनीची नोंद मला पुसता येत नाही, ती त्यांच्या हैदराबादच्या ऑफिसातून पुसली जाईल, कधी ते देव जाणे. पण नोंदीप्रमाणे सगळं तुमचं आहे ना? मग तुम्ही ज्याचं त्याला लेखी सोपवा. मी त्यावर परवाने देते." बुद्धीची बाई आहे.

दादाचं घर विचारलंस. पारापासून डावीकडे बघ. तीन जोती एका भिंतीला भिंत लावून आहेत. पहिलं छबुबाईचं, मधलं आमचं, तिसरं दादाचं. दादाने लग्न झाल्यावर वेगळं बांधलं होतं. दारात उखळ आहे. चित्रात काळा ठिपका दिसेल, ते तेच.

सत्यशीला आत्या


पुणे
२२ डिसेंबर २०२५

ती. आत्यास,
नमस्कार.

काळा ठिपका सापडला. याहून जास्त आज लिहवत नाही, म्हणून दुसरी बातमी देतो.

पौर्णिमाने सांगितलं. कंपनीच्या वार्षिक सभेत पडद्यावर तुझं नाव झळकलं. "बीड जिल्ह्यातील एका गावात गाळपेराची संपूर्ण जमीन एका महिलेच्या नावे. महिला सक्षमीकरणाचा आदर्श." टाळ्या पडल्या. तुला बक्षीस द्यायला बोलावणार आहेत. दहा वर्षं मी या धंद्यावर टीका करतो आहे, पण एवढं बिनतोड मला स्वतःला सुचलं नसतं.

कागद घाईने लिहू नकोस, पण उशीरही करू नकोस. नवा खोटेपणा होऊ नये म्हणून प्रत्येक पट्टी जशी लोक ओळखतात तशीच लिही. आकडे घातलेस तर पुढच्या वर्षी पाणी ते खोटे ठरवेल.

मी येतो आहे. परवा सकाळी माजलगावला उतरेन. रजा मागितली तेव्हा यंत्राने विचारलं, कारण? मी लिहिलं, पेरणी. "असे कारण यादीत नाही" असं उत्तर आलं. तरी निघतो आहे.

सौरभ


नवी तळसावळी
२६ डिसेंबर २०२५

चि. सौरभ यास,
आशीर्वाद.

तू काल दुपारीच परतलास, म्हणून लिहिते. बक्षिसाचं बोलावणं आलं. येत नाही असं कळवलं, कारण लिहिलं: "पेरणी चालू आहे." त्यांच्या यादीत ते कारण नसेल तर घालून घ्यावं.

आज सकाळी काठावर, विजयमाला मॅडमच्या समोर, कागद पुरा केला. परवाने दिले गेले. नक्कल तुझ्याजवळ असू दे.

ताबापत्र

मी, सत्यशीला, राहणार नवी तळसावळी, लिहून देते की कंपनीच्या नोंदीत माझ्या नावे आलेली गाळपेराची जमीन माझी नाही. ती आज ज्याची त्याला सोपवली. हद्द प्रत्येकाच्या घराच्या दिशेने, पाणी मागे जाईल तिथपर्यंत. मुख्य नोंदी अशा:

गहिनीनाथ यांस, गोठ्याच्या दिशेची पट्टी. मिळाली, सही.

शहादेव व वच्छलाबाई यांस, पारामागची पट्टी. मिळाली, सही. वच्छलाबाईंनी गिरणीतले शब्द मागे घेतले. ते कागदावर घ्या असा त्यांनीच आग्रह धरला.

बजरंग यांस, विहिरीच्या वरच्या अंगाची पट्टी. मिळाली, सही.

बाकीची घरं सोबतच्या चित्रावर ज्याने त्याने अंगठ्याने दाखवली, तशीच सोपवली.

सौरभ धर्मराज यांस, उखळाच्या दाराकडे जाणारी पट्टी. चोवीस तारखेला स्वतः हरभरा पेरला. ओळी वाकड्या आहेत.

छबुबाई यांस, आमच्या भिंतीलगतची पट्टी. हद्द दाखवली, मोजून घ्या म्हटलं. म्हणाल्या, "आक्का, तुमच्याकडून काय मोजून घ्यायचं?" मोजून घेतली नाही. मिळाली, अंगठा.